धोलावीरा: हा कोट नेमका कुणाविरुद्ध?

कच्छच्या मोठ्या रणात खडीर नावाचं बेट आहे. बेट म्हणायचं ते पावसाळ्यापुरतं. एरवी त्याच्या चहूबाजूंना पाणी नसतं, मीठ असतं. बेटाच्या वायव्य टोकाला धोलावीरा नावाचं छोटं गाव आहे आणि गावाजवळ एक लांबरुंद टेकाड. गावकरी त्याला 'कोटडा टिंबा' म्हणत. कोटडा म्हणजे कोट असलेली जागा, टिंबा म्हणजे टेकाड. कोट कुणाचा, कधीचा, कशासाठी बांधलेला, हे सगळं लोक विसरले होते, पण इथे कोट होता एवढं त्या नावानं धरून ठेवलं होतं.

हा कोट साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वीचा निघाला. हडप्पा संस्कृतीची जी हजाराहून जास्त ठिकाणं आजवर सापडली आहेत, त्यांत आकारानं सहाव्या क्रमांकाचं हे शहर. २०२१ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा स्थळ केलं, त्यानंतर इथली वर्दळ वाढली. पण बहुतेक लोक 'सिंधू संस्कृतीचं शहर' एवढं ऐकून येतात, दगडांच्या रांगा बघतात, फोटो काढतात आणि पांढऱ्या रणाकडे निघतात. दगडांच्या त्या रांगा वाचायच्या कशा, ते या लेखात सांगतो. त्यासाठी एकच प्रश्न हाताशी ठेवू: एवढी तटबंदी कुणाच्या भीतीनं बांधली?

आधी थोडा हिशेब काळाचा

इसवी सनापूर्वी ३००० म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. म्हणून दुसऱ्या बाजूनं बघू. रायगडावर शिवराज्याभिषेक झाला १६७४ साली. त्याला साडेतीनशे वर्षं झाली आणि तेवढ्या काळात काय काय उलटापालट झाली ते आपण जाणतो. धोलावीऱ्यात माणसं राहिली ती साधारण इ.स.पू. ३००० ते १५०० अशी दीड हजार वर्षं, म्हणजे रायगडापासून आजपर्यंतच्या काळाच्या चौपट. मध्ये खंड पडले, शहर मोठं झालं, आक्रसलं, ओस पडलं, पुन्हा वसलं. त्यामुळे 'धोलावीऱ्याचे लोक असं करायचे' हे वाक्य जरा जपूनच वापरावं. कोणत्या शतकातले लोक, हा प्रश्न लगेच उभा राहतो.

इतका जुना मामला समजतो कसा? आपल्याकडे गावाच्या जुन्या वस्तीच्या जागेला 'पांढर' म्हणतात. शेकडो वर्षं चुलीची राख, पडक्या भिंतींची माती, शेण, कचरा साचून तिथली माती पांढुरकी होते आणि जमीन उंच होत जाते. काळी शेतीची, पांढरी वस्तीची. पुरातत्त्वज्ञ अशीच पांढर वरून खाली खणत जातात. वरचा थर अलीकडचा, खालचा जुना. प्रत्येक थरातली खापरं, मणी, विटा, बांधकामाची पद्धत वेगळी. जळलेलं लाकूड किंवा धान्य मिळालं तर त्यातल्या कार्बनवरून वय काढता येतं. धोलावीऱ्यात असे सात टप्पे ओळखले गेले. वस्ती बसण्यापासून मोडण्यापर्यंतची सगळी कहाणी एकाच जागी सलग मिळते, अशी ठिकाणं फार नाहीत.

शोधाची गोष्ट फाळणीशी जोडलेली आहे. हडप्पा आणि मोहेंजोदारो १९२० च्या दशकात उजेडात आले आणि १९४७ साली दोन्ही पाकिस्तानात गेले. मग भारतीय पुरातत्त्व खात्यानं गुजरात, राजस्थान, हरियाणा पालथं घालायला सुरुवात केली. लोथल, कालीबंगा यांची उत्खननं त्या काळातली. त्याच ओघात १९६७-६८ च्या सुमारास जगत पती जोशी यांनी कोटडा टिंब्याची नोंद केली. प्रत्यक्ष मोठं उत्खनन मात्र वीसेक वर्षांनी, १९९० च्या आसपास सुरू झालं. रवींद्रसिंह बिष्ट यांच्या देखरेखीखाली ते २००५ पर्यंत चाललं. आज धोलावीऱ्याबद्दल जे काही सांगितलं जातं, त्यातलं बहुतेक या पंधरा वर्षांच्या कामावर उभं आहे.

बालेकिल्ला, माची आणि खालची वस्ती

सह्याद्रीतले किल्ले पाहिलेल्या माणसाला धोलावीऱ्याची रचना समजायला जड जात नाही, कारण शब्द आपल्याकडे तयारच आहेत. सगळ्यात उंचावर, जाड तटाच्या आत, बालेकिल्ला. आतून मोजला तर सुमारे ११४ बाय ९२ मीटर. त्याला पश्चिमेकडून चिकटून दुसरा एक कोट, साधारण १२० मीटरचा चौरस. याला माची म्हणायला हरकत नाही. बालेकिल्ल्याच्या उत्तरेला एक लांबट मोकळं मैदान आणि मैदानापलीकडे मधली वस्ती, तिलाही स्वतःचा तट. मधल्या वस्तीच्या पूर्वेला खालची वस्ती. आणि या सगळ्याला बाहेरून कवेत घेणारा मोठा कोट, ७७१ मीटर लांब आणि ६१७ मीटर रुंद. म्हणजे कोटाच्या आत कोट, त्याच्या आत आणखी कोट.

आता हे आकडे जरा खेळवून बघा. ७७१ ला ६१७ नं भागा, उत्तर येतं सव्वा. म्हणजे लांबी-रुंदीचं प्रमाण पाचास चार. बालेकिल्ला ११४ बाय ९२, तोही जवळजवळ पाचास चार. मधली वस्ती ३४० बाय २९०, म्हणजे सातास सहा. मैदान २८३ बाय ४७.५, सहास एक. माची एकास एक. एखाद्या ठिकाणी असं जमलं तर योगायोग म्हणता येईल. पाच ठिकाणी जमतं तेव्हा कुणीतरी दोरी धरून, मोजून, आखून मगच दगड लावला, असंच मानावं लागतं. मला स्वतःला धोलावीऱ्याची भव्यता या आकड्यांत दिसते, दगडांत त्या मानानं कमी.

दगडांबद्दलही सांगायला हवं. मोहेंजोदारो आणि हडप्पा भाजक्या विटांची शहरं. तिथे गाळाची सपाट जमीन, दगड मिळायचा नाही. धोलावीऱ्यात उलटं. खडीर बेटावर वालुकाश्म आणि चुनखडीचा दगड मुबलक. त्यामुळे इथला तट आतून कच्च्या विटांचा आणि बाहेरून दगडानं मढवलेला. दगड घडवण्यात ही मंडळी तयार होती. गुळगुळीत घासलेले खांबांचे तुकडे, मध्ये भोक असलेल्या दगडी चकत्या अजून जागेवर पडलेल्या दिसतात. त्यांना हात लावून बघायचा मोह होतो.

मैदान कशाचं? काही लोक त्याला स्टेडियम म्हणतात. शब्द भारदस्त आहे, पण त्यानं डोक्यात भलतंच चित्र तयार होतं. कडेला बसण्याजोगे पायऱ्यांसारखे ओटे आहेत, हे खरं. वर्षातून एखाद-दोनदा जत्रा, एरवी बाजार, कधी सभा, असं काहीतरी तिथे होत असावं असं मला वाटतं. बालेकिल्ल्यातले वरचे लोक आणि मधल्या वस्तीतले कारागीर-व्यापारी समोरासमोर येण्याची ती एकच मोठी जागा होती.

तट दिसला की लढाई आठवते

१९४६ साली हडप्प्यात मॉर्टिमर व्हीलर यांनी तटबंदी खणून काढली. व्हीलर मुळात लष्करी माणूस, दोन्ही महायुद्धांत लढलेला. जाड तट दिसताच त्यांच्या मनात लढाई आली. ऋग्वेदात इंद्राला 'पुरंदर' म्हटलंय, म्हणजे पुरं फोडणारा, कोट मोडणारा. व्हीलर यांनी दोन आणि दोन चार केले: बाहेरून आलेल्या आर्यांनी हे कोट फोडले आणि शहरं बुडवली. (आपल्याकडे एका बुलंद किल्ल्याचंच नाव पुरंदर. कोट मोडणाऱ्याचं नाव कोटाला देण्यामागे कुणाचा विनोद होता की श्रद्धा, देव जाणे.)

हा सिद्धांत शाळेच्या पुस्तकांतून बरीच वर्षं फिरला. पुढे तो गळून पडला. मोहेंजोदारोतले जे सांगाडे कत्तलीचा पुरावा म्हणून दाखवले जायचे, ते वेगवेगळ्या काळातले निघाले. शहरं एका फटक्यात जळाल्याच्या खुणा मिळाल्या नाहीत. आणखी एक गोष्ट खटकणारी होती. हडप्पा संस्कृतीच्या हजारो मुद्रांवर बैल आहेत, गेंडा आहे, हत्ती आहे, एकशिंगी प्राणी आहे. पण रथातून शत्रूला तुडवणारा राजा नाही, हात बांधलेल्या कैद्यांची रांग नाही. त्याच काळात इजिप्त आणि मेसोपोटेमियात अशा चित्रांची रेलचेल होती. शस्त्रं अजिबात नव्हती असं नाही, भाल्याची पाती आणि बाणांची टोकं मिळतात. पण युद्धाचा तोरा मिरवणारा समाज दिसत नाही.

मग तट कशाला? एक उत्तर जकातीचं. हडप्प्यातल्या एका वेशीची रुंदी जेमतेम २.८ मीटर आहे. एका वेळी एकच बैलगाडी जाईल. हल्ला थोपवायला दरवाजा अरुंद हवा हे खरं, पण माल मोजायला, मुद्रा तपासायला आणि कर घ्यायलाही तो अरुंदच लागतो. धोलावीऱ्यात बालेकिल्ल्याच्या दरवाज्यांत दोन्ही बाजूंना खोल्या आहेत. गडकोट फिरणारा कुणीही त्यांना बघताक्षणी 'देवडी' म्हणेल. तिथे पहारेकरी बसत असतील, तसा मापाडीही बसत असेल.

दुसरं उत्तर आतल्या माणसांचं. बाहेरचा कोट शत्रूसाठी मानला, तर बालेकिल्ल्याचा तट सगळ्यात जाड का? तो तर शहराच्या पोटात आहे. भिंत नुसती बाहेरच्याला अडवत नाही, आतल्या कुणी कुठवर यायचं हेही ती सांगते. हडप्पा संस्कृतीत सगळे समान होते, असं एक गोड चित्र अधूनमधून रंगवलं जातं. धोलावीऱ्याचा नकाशा ते चित्र मोडतो.

तिसरं उत्तर मला सगळ्यात पटतं. पण त्यासाठी पाण्याकडे वळावं लागेल.

तहान

खडीरवर पाऊस कमी आणि लहरी. काही वर्षं तो येतच नाही. जमिनीखालचं पाणी बरंचसं खारं. बारमाही नदी नाही. शहराच्या उत्तरेला मानसर आणि दक्षिणेला मनहर असे दोन ओढे. पावसाळ्यात काही दिवस धो-धो वाहणार, मग वर्षभर कोरडे. अशा ठिकाणी कुणी मोठं शहर का वसवावं?

कारण बाकी सगळं इथे होतं. त्या काळी रणात समुद्राचं पाणी आजच्यापेक्षा आत येत असावं आणि होड्या बेटापर्यंत पोचत असाव्यात. तांबं, शंख, गोमेद-अकीक असे खडे, यांचा व्यापार इथून चालायचा. धोलावीऱ्यात मणी घडवण्याचे कारखाने सापडलेत. तांबड्या अकीकाचे मणी हा हडप्पा लोकांचा खास माल. दगड भट्टीत तापवून लाल करायचा, मग घासायचा, मग भोक पाडायचं. भोक पाडायला एका खास कडक दगडाची टोकं वापरत. आजच्या संशोधकांनी ते करून पाहिलं तेव्हा ताशी जेमतेम अडीच मिलिमीटर खोली मिळाली. सहा सेंटिमीटरचा एक लांब मणी म्हणजे दोन डझन तास नुसतं भोकच. असे मणी इराकमध्ये ऊर शहरातल्या राजघराण्याच्या दफनांमध्ये मिळालेत. तिकडच्या लेखांत 'मेलुहा' नावाच्या देशातून माल येतो असं लिहिलेलं आहे, आणि मेलुहा म्हणजे सिंधू प्रदेश असं बहुतेक अभ्यासक मानतात. थोडक्यात, जागा मोक्याची होती. पाण्याचं तेवढं काहीतरी करायला हवं होतं.

आणि त्यांनी केलं. दोन्ही ओढ्यांवर दगडी बंधारे घातले, एका मागोमाग एक. पुराचं पाणी अडवून ते पाटानं शहराकडे वळवलं. शहराची जमीन एका बाजूनं दुसरीकडे सुमारे १३ मीटर उतरते. या उताराचा फायदा घेऊन त्यांनी कोटाच्या आतल्या बाजूनं तलावांची साखळी बांधली. एक तलाव भरला की पाणी पुढच्यात. गढूळ पाणी पहिल्यात थांबलं की गाळ खाली बसतो आणि पुढे त्यातल्या त्यात निवळ पाणी जातं. हे तंत्र आपल्या जुन्या टाक्यांच्या जोड्यांत अजून दिसतं. याशिवाय बालेकिल्ल्यावर पडणाऱ्या पावसासाठी वेगळी गटारं होती. गटारं म्हणजे सांडपाण्याची नव्हेत, पावसाच्या पाण्याची. दगडी, वरून झाकलेली, काही ठिकाणी माणूस आत शिरून चालू शकेल एवढी मोठी. छतावरचं, अंगणातलं पाणी त्यांतून तलावात जायचं.

बालेकिल्ल्याच्या पूर्वेचा तलाव बघण्याजोगा आहे. सुमारे ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद, १० मीटरच्या वर खोल, आणि उतरायला पायऱ्या. तो मोहेंजोदारोच्या प्रसिद्ध महास्नानगृहाच्या तिप्पट मोठा आहे, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. जरा गुणाकार करून बघा. महास्नानगृह १२ बाय ७ मीटर आणि खोली अडीच मीटरच्या आत. म्हणजे साधारण २०० घनमीटर, दोन लाख लिटर. धोलावीऱ्याच्या तलावात २२ हजार घनमीटर. पायऱ्यांची जागा सोडून दिली तरी दोन कोटी लिटरच्या आसपास. हे तिप्पट नव्हे, शंभरपट झालं. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर एकाच तलावात दोन हजार टँकर. आणि असे लहानमोठे तलाव डझनाहून जास्त.

खोलीचा मुद्दा इथे महत्त्वाचा आहे. पाणी उडून जातं ते पृष्ठभागावरून. तेवढंच पाणी उथळ आणि पसरट तळ्यात ठेवलं तर कच्छच्या उन्हात ते बघता बघता आटेल. खोल आणि अरुंद खड्ड्यात ठेवलं तर कितीतरी जास्त टिकेल. म्हणूनच त्यांनी काही तलाव सरळ खडकात कोरून खाली नेले. रायगडावरची, राजगडावरची कातळात खोदलेली टाकी ज्यांनी पाहिलीत त्यांना हे वेगळं समजवावं लागणार नाही. बालेकिल्ल्यात एक विहीरही आहे. तिच्या काठाच्या दगडावर दोर घासून पडलेल्या खाचा अजून दिसतात. एवढ्या मोठ्या शहरात मला सगळ्यात जवळची वाटते ती हीच खूण. कुणीतरी रोज, त्याच जागी उभं राहून, पाणी शेंदलंय.

आता तटाकडे परत येऊ. हे तलाव कोटाच्या बाहेर रानात नाहीत, ते आतल्या आणि बाहेरच्या तटांच्या मधल्या पट्ट्यात आहेत. शहरात शिरायचं तर तलावांमधल्या रुंद बांधांवरून जावं लागतं. तलावांना आधार देणारे बांध आणि शहराचे तट हे एकाच आखणीचे भाग आहेत, तोच दगड, तेच हात. सैन्याच्या हल्ल्याचा पुरावा नाही. पण पाऊस दगा देणाऱ्या बेटावर भरलेला तलाव हीच सगळ्यात मोठी दौलत. ती कुणी कधी किती घ्यायची, आणि पाऊस न आलेल्या वर्षी आधी कुणाला, नंतर कुणाला, हे ठरवायला वेस, पहारा आणि भिंत लागते. माझ्या मते धोलावीऱ्याचा कोट तलवारीपेक्षा तहानेच्या धाकानं उभा राहिला. बिष्टांपासून इतरांपर्यंत अनेकांनी तटाची अनेक कारणं मांडली आहेत आणि एकाच भिंतीला चार कामं असू शकतात, हेही मान्य. तरी पाण्याचा नकाशा बाजूला ठेवून या तटबंदीचा नकाशा वाचताच येत नाही.

दहा अक्षरं

बालेकिल्ल्याच्या उत्तर दरवाज्याच्या देवडीत उत्खनन करणाऱ्यांना मातीत पांढरे तुकडे दिसले. ते जिप्समचे होते. हळूहळू माती बाजूला केल्यावर एक ओळ उलगडली: दहा चिन्हं, प्रत्येक सुमारे ३७ सेंटिमीटर उंच, ओळीची लांबी तीन मीटरच्या आसपास. लाकडी फळीवर जिप्समचे तुकडे बसवून ही अक्षरं केली होती. फळी पडली, लाकूड कुजून गेलं, अक्षरं मातीत जशीच्या तशी राहिली.

हडप्पा लिपीतला बाकीचा मजकूर बहुतेक इंचभराच्या मुद्रांवर आहे. हातात धरून, डोळ्यांजवळ नेऊन बघावा लागेल असा. ही दहा चिन्हं मात्र वीतभराहून मोठी, म्हणजे लांबून दिसावीत म्हणूनच केलेली. ती दरवाज्यावर टांगलेली असावीत. आपण त्याला सरळ पाटी म्हणू, जगातल्या सगळ्यात जुन्या पाट्यांपैकी एक. त्या दहांत चाकासारखं, आऱ्या असलेलं चिन्ह चार वेळा येतं.

त्यावर लिहिलंय काय? ही लिपी अजून वाचता आलेली नाही. तिची भाषा माहीत नाही, आणि मजकूर इतके आखूड की अंदाजाला आधार मिळत नाही. दर काही वर्षांनी कुणीतरी 'लिपी उलगडली' अशी घोषणा करतं. अशी बातमी आली की एकच कसोटी लावावी: त्यांची किल्ली वापरून दुसऱ्या कुणाला तोच मजकूर तसाच वाचता येतो का? आजवर या कसोटीला कुणी उतरलेलं नाही. तोवर तिथे शहराचं नाव होतं, देवाचं होतं की 'पाय धुऊन आत या' अशी सूचना होती, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

मोडलं कसं

धोलावीरा एका रात्रीत संपलं नाही. थरांमधून ते हळूहळू सैलावताना दिसतं. त्याआधी भूकंपांनीही त्याला हलवलं होतं. भिंती कलल्याच्या, पडझडीनंतर घाईनं डागडुजी केल्याच्या खुणा आहेत, आणि त्यात नवल नाही. याच रणात १८१९ साली एवढा मोठा भूकंप झाला की जमिनीचा लांबच लांब पट्टा वर उचलला गेला. लोकांनी त्याला 'अल्लाह बंड' म्हटलं, देवानं घातलेला बांध. २६ जानेवारी २००१ चा भूज अजून विसरलेलं कुणी नाही. पण भूकंपानंतर धोलावीरा दर वेळी सावरलं, उलट वाढलंही. खालची वस्ती अशाच एका पडझडीनंतरच्या काळातली आहे.

सावरता आलं नाही ते वेगळंच काहीतरी. इ.स.पू. २००० च्या आसपास पश्चिम भारतात आणि त्यापलीकडेही पाऊस कमी होत गेला. मेसोपोटेमियातला व्यापार मंदावला. समुद्र मागे हटला असावा. पाचव्या टप्प्यात शहर भरलेलं आहे, पण देखभाल सुटलेली आहे. पडलेलं बांधकाम पडलेलंच राहतं. म्युनिसिपालिटी थकली की काय होतं ते आपल्याला नव्यानं सांगायला नको. मग लोक निघून जातात. काही काळानं काहीजण परत येतात, पण आता वस्ती लहान, खापरं वेगळी, आखणी ढिली. ती माणसंही जातात.

याच शेवटच्या शतकांत हडप्पा परंपरेची माणसं दक्षिणेकडे सरकली आणि त्यातला एक धागा थेट महाराष्ट्रात पोचतो. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबादला उत्तर-हडप्पा काळातल्या वस्तीचा थर मिळाला आहे. तिथे १९७४ साली झाडाचं खोड खणताना एका शेतकऱ्याला धातूच्या चार मूर्ती सापडल्या: बैलांचा रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. वजन सगळ्यांचं मिळून साठ किलोहून जास्त. त्यांच्या नेमक्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद आहे. पण कोट बांधणारी शहरं विझत असताना त्यांचं काहीतरी प्रवरेपर्यंत वाहत आलं, एवढं त्या थरातल्या खापरांवरून म्हणता येतं.

धोलावीऱ्यात मात्र शेवटचा, सातवा टप्पा उरतो. पुन्हा कुणीतरी आलं. या लोकांनी चौकोनी घरं बांधली नाहीत, गोल झोपड्या बांधल्या. कच्छमध्ये आजही गोल घरं बांधतात, त्यांना भुंगा म्हणतात. २००१ च्या भूकंपात सिमेंटची घरं कोसळली तेव्हा यांतले कित्येक भुंगे उभे राहिले, कारण गोल भिंत हादरा सगळ्या बाजूंना वाटून घेते. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या झोपड्या आणि आजचे भुंगे यांच्यात सलग परंपरा आहे असं छातीठोक म्हणता येत नाही, आकार तेवढा तोच.

त्या गोल झोपड्यांमधल्या माणसांना पाचास चारच्या प्रमाणाशी काही देणंघेणं नव्हतं. तलाव गाळानं भरत चालले होते, तट जागोजागी बसले होते. उत्तर दरवाज्याच्या देवडीत ती दहा अक्षरं तेव्हाही मातीखालीच होती.